चित्त शांत करायचे, ते कशासाठी?



अलीकडे आपल्या बऱ्याच घरांतून एक प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. धाकटा दहावीला आहे, मुलगी नर्सिंगला आहे, थोरला पोलीस भरतीसाठी पहाटे उठून पन्हाळ्याच्या घाटरस्त्यावर धावतो आहे. साऱ्यांच्या मनावर ताण आहे. आणि शहरात पाहावे तर जागोजागी पाट्या लागलेल्या : ताणमुक्तीचे शिबिर, एकाग्रतेचा वर्ग, स्मरणशक्ती वाढविण्याचे तंत्र. मोबाईल उघडला तर तेथेही श्वास कसा घ्यावा हे शिकवणारे गुरू बसलेले आहेतच. यांतील पुष्कळांच्या पाठीमागे भगवान बुद्धांची मूर्ती असते. ती पाहून नवदीक्षित कुटुंबातील साधा माणूस गोंधळतो. तो विचारतो : हे आपल्या धम्मातलेच आहे काय? असल्यास मुलाला पाठवावे काय? परीक्षेत गुण पडावेत, भरतीत नंबर लागावा म्हणून ध्यानाला बसणे हे धम्माला धरून आहे, की तो धम्माचा बाजार आहे?

या प्रश्नाला आपल्याच समाजात दोन टोकांची उत्तरे दिली जातात. एक पक्ष म्हणतो, ध्यान वगैरे सब झूठ आहे. बाबासाहेबांनी आपल्याला लढायला शिकवले, डोळे मिटायला नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो, दहा दिवस बसा, सारी दुःखे आपोआप गळून पडतील. मोर्चे आणि निवेदने यांत काही अर्थ नाही. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. का वाटतात, ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

ताण म्हणजे काय?

प्रथम हे समजून घेऊ की ताण ही काही भूतबाधा नव्हे, कुणाची नजर नव्हे आणि साडेसातीही नव्हे. १९३६ साली माँट्रियल येथे काम करणाऱ्या हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, थंडी असो, जखम असो की विषारी द्रव्य असो, संकट कोणतेही आले तरी शरीर बऱ्याच अंशी एकाच ठरावीक रीतीने त्याला तोंड देते. माणसाचेही तसेच आहे. संकट समोर दिसले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात द्रव्ये सोडतात, छाती धडधडते, श्वास उथळ होतो, हातापायांचे स्नायू ताठतात, पोटातली पचनाची कामे थांबतात. वाघ समोर आला तर पळायला किंवा झुंजायला ही तयारी उपयोगी पडते. पण गणिताची प्रश्नपत्रिका समोर आल्यावर कोठे पळायचे आणि कोणाशी झुंजायचे? शरीर तयारी करून बसते, तिला वाट मिळत नाही. असे रोज होऊ लागले म्हणजे झोप उडते, डोके दुखते, पाठ केलेलेही ऐनवेळी आठवत नाही.

परंतु ताण अजिबात नसला तरीही काम होत नाही. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी असे दाखवले की, काम अवघड असेल तर ते बेताच्या चेतनेत सर्वांत चांगले शिकले जाते. चेतना फार थोडी असली तर मन लागत नाही, फार झाली तर मन गोंधळते.

आता पाहा, हीच गोष्ट तथागतांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एका भिक्खूला समजावून सांगितली होती. सोण कोळीविस हा श्रीमंत घरातला, अंगाने नाजूक असा तरुण. भिक्खू झाल्यावर त्याने इतका अट्टहास केला की चंक्रमण करता करता तळपायांतून रक्त आले. तरी चित्त स्थिर होईना. तेव्हा, संघ सोडून घरी जावे, असे त्याच्या मनात आले. तथागत त्याच्याकडे गेले आणि त्यांनी विचारले, सोणा, तू पूर्वी वीणा वाजवत होतास ना? तारा फार ताणल्या तर सूर निघत असे काय? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. मग वीर्याचेही, म्हणजे प्रयत्नाचेही, तसेच आहे असे समज.

आपल्या मुलामुलींना हा उपदेश किती लागू आहे! बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त महाराष्ट्रात ठिकठिकाणी विद्यार्थी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम करतात. अभिवादन म्हणून तो फार चांगला आहे. पण वर्षभर पुस्तक न उघडणाऱ्याने एक दिवस अठरा तास बसावे, याला तार एकदम ताणणे म्हणतात. आणि निकाल लागला की वर्षभर ती सैल सोडणे, हा दुसरा दोष. रोज चार तास, नियमाने, पुरेशी झोप घेऊन केलेला अभ्यास हीच लावलेली वीणा होय.

श्वासाचे काम

ताण उतरवण्याची अनेक साधने आहेत. अमेरिकेत एडमंड जेकबसन याने १९२९ साली एकेक स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढून आसन-प्राणायामाची शास्त्रीय तपासणी सुरू केली. १९७५ साली हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी शिथिलीकरणावर पुस्तक लिहिले. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखणाईत लोकांसाठी ताण कमी करण्याचा वर्ग चालू केला, आणि त्याचा बराचसा गाभा बौद्धांच्या स्मृतिसाधनेतूनच घेतला. म्हणजे आज पाटीवर जे नवे म्हणून विकले जाते, त्यातले पुष्कळसे आपल्याच घरून बाहेर गेलेले आणि नवे कापड नेसून परत आलेले आहे.

आनापानसती ही त्यातली सर्वांत सोपी साधना. पाठ सरळ ठेवून बसावे. श्वास मुद्दाम लांबवू नये, कोंडू नये. तो नाकावाटे आत येतो आहे, बाहेर जातो आहे, एवढेच जाणत राहावे. मन भटकले की ते भटकले हे ओळखून, न रागावता परत श्वासावर आणावे. दहा मिनिटे पुरेत. यात मंत्र नाही, देव नाही, अंगारा नाही, गुरूचे पाय धरणे नाही. श्वास बळेच कोंडण्याचा मार्ग तथागतांनी बोधीपूर्वी स्वतः करून पाहिला होता. त्याने डोक्यात तीव्र वेदना झाल्या, ज्ञान मिळाले नाही; म्हणून त्यांनी तो सोडून दिला.

हे मी सांगतो म्हणून मानू नका. कालामांना तथागतांनी जे सांगितले तेच आपण करू या, स्वतः तपासून पाहू या. मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहा. श्वास आत घेताना ती किंचित जलद होते, सोडताना किंचित मंद होते. लहान मुलांत हा फरक अधिक स्पष्ट जाणवतो. हृदयाला सावकाश चाल असा निरोप देणारी मज्जा उच्छ्वासाच्या वेळी अधिक काम करते, हे त्याचे कारण. श्वास संथ झाला की नाडी संथ होते आणि थरथरणारा हात लेखणी नीट धरू लागतो. यात चमत्कार काही नाही, शरीराचा धर्मच तसा आहे. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण खात्याने २०११ च्या सुमारास ‘मित्र उपक्रम’ या नावाने शाळांतून आनापान शिकवण्याचे काम हाती घेतले, ते याच विचाराने. मुले तास सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे अशी बसली तर वर्गातला गोंगाट कमी होतो, आणि शिक्षकाचा आवाजही खाली येतो.

तेव्हा पहिल्या पक्षाला माझे एवढेच सांगणे आहे की, जे उपयोगाचे आहे आणि अंधश्रद्धेपासून मुक्त आहे, ते टाकून देण्याचे कारण नाही. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावणाऱ्या पोराने किंवा आठशे मीटर धावणाऱ्या पोरीने आरंभरेषेवर उभे राहून चार संथ श्वास घेतले, तर त्यात धम्माला बाधा येण्यासारखे काय आहे? काहीच नाही. पण त्याला धम्म म्हणायचे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याकडे आता वळू.

बगळ्याचे ध्यान

आपल्या भाषेत ‘बकध्यान’ असा एक फार मार्मिक शब्द आहे. तळ्याकाठी बगळा एका पायावर उभा असतो. हालचाल नाही, गडबड नाही, चित्त पूर्ण एकाग्र. एकाग्रतेचीच परीक्षा घ्यायची ठरवली तर त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. पण त्याचे लक्ष मासळीवर आहे. खिसेकापूलाही एकाग्रता लागते. जास्त व्याजाने पैसे लावणाऱ्या सावकाराचा हातही हिशेब लिहिताना थरथरत नाही. अमेरिकेत सैनिकांनाही अशा साधनेचे शिक्षण देऊन पाहिले गेले आहे. म्हणजे शांत आणि एकाग्र चित्त ही एक शक्ती झाली. ती कोणाच्या हाती आहे आणि कोणत्या कामाला लागली आहे, हे त्या शक्तीवरून कळत नाही.

सिद्धार्थ गौतमांनी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे समाधीच्या वरवरच्या पायऱ्या शिकून घेतल्या. गुरूंनी त्यांना आपल्या बरोबरीचे स्थान देऊ केले. आजच्या भाषेत बोलायचे तर शिबिराच्या शेवटच्या दिवशीचे पहिल्या नंबरचे प्रशस्तिपत्र त्यांच्या हातात आले होते. तरी ते तेथून उठून निघाले. का? कारण समाधीतून उठल्यावर जगातले दुःख जसेच्या तसे समोर होते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा भेद अतिशय स्वच्छ करून दाखवला आहे. इंग्रजीत हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक नवदीक्षित कुटुंबात तो असावा. नुसती समाधी आणि सम्यक समाधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे बाबासाहेब तेथे मांडतात. नुसत्या समाधीत लोभ, द्वेष, आळस, शंका हे अडथळे तेवढ्यापुरते थांबतात. समाधी उतरली की ते परत येतात. सम्यक समाधीत मनाला कुशल गोष्टींचा विचार करण्याची कायमची सवय लागते आणि चांगले करण्याची प्रेरणा मिळते. म्हणूनच अष्टांगिक मार्गात सम्यक समाधी एकटी येत नाही. सम्यक दृष्टी, सम्यक वाचा, सम्यक आजीविका यांच्या सोबतीने येते. बावीस प्रतिज्ञांतही आपण अष्टांगिक मार्गाने चालण्याचे आणि प्रज्ञा, शील, करुणा यांना धरून जगण्याचे वचन दिले आहे.

ब्रह्मदेशातले एक उदाहरण येथे आठवते. १९५५ साली मंडाले येथे जन्मलेले एक व्यापारी, सत्यनारायण गोयंका, अर्धशिशीने हैराण होऊन रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे त्या देशाचे महालेखापाल, म्हणजे मोठे सरकारी अधिकारी, आणि विपश्यनेचे आचार्यही. डोकेदुखी बरी व्हावी एवढ्यासाठी येत असाल तर मी शिकवणार नाही, असे त्यांनी या पाहुण्यास सांगितले. एवढ्या थोर मार्गाला डोकेदुखीचे औषध म्हणणे म्हणजे त्याचे मोल कमी करणे होय. दुःखमुक्ती हे ध्येय ठेवा, डोकेदुखी जायची तर त्या ओघात जाईल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पुढे १९६९ साली गोयंकाजी भारतात आले, १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले, आणि आज आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही हातकणंगले तालुक्यात आळते येथे धम्मालय हे केंद्र आहे. या शिबिरांना फी नसते, ती दानावर चालतात. ताणमुक्तीसाठी हजारो रुपये मागणाऱ्यांच्या पाटीखाली उभे असताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

अर्थात तेथे जे जे ऐकायला मिळेल ते सर्व बाबासाहेबांच्या कसोटीवर उतरेलच असे नाही. मागील जन्माच्या कर्माने आजची स्थिती ठरते, हा विचार बाबासाहेबांनी साफ नाकारला. ज्या विचाराने आपल्या आजोबा-पणजोबांना गावकुसाबाहेर ठेवले, तोच विचार ध्यानाच्या वाटेने घरात येऊ नये, एवढी जागरूकता नवदीक्षितांनी ठेवलीच पाहिजे. श्वास घ्यावा, पूर्वजन्माची भाषा बाहेर ठेवावी.

ताण कोठून येतो?

आता सर्वांत अवघड गोष्टीकडे येतो. ताणमुक्तीच्या वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येते : ताण बाहेर नसतो, तो आपल्या मनात असतो, मन बदला, जग बदलेल. हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि त्यातला खोटा अर्धा भाग आपल्या मुलांसाठी घातक आहे.

दोन मुले एकाच वसतिगृहात राहतात, एकच परीक्षा देतात. एकाला फक्त पेपरची काळजी. दुसऱ्याला पेपरची काळजी आहेच. शिवाय आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलेल ही काळजी, शिष्यवृत्ती वेळेवर येईल की नाही ही काळजी, आणि ‘तुम्हाला काय बाबा, सवलत आहे’ हा टोमणा गिळण्याचे कष्ट. हा दुसऱ्याचा ताण त्याच्या मनाने निर्माण केला काय? १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आपले जीवन संपवले. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील तरुण डॉक्टरने तसेच केले. जातीवरून छळ झाल्याचा आरोप होऊन तो खटला न्यायालयात गेला. अशा मुलामुलींना, दीर्घ श्वास घ्या, सगळे तुमच्या मनात आहे, असे सांगणे म्हणजे जखमेवर पट्टी बांधताना आत रुतलेला काटा तसाच ठेवणे होय.

पायात काटा रुतला की पाय दुखतो. ते दुखणे पायाचा दोष नसून काटा आहे याचा निरोप असतो. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. परदेशात शिकून आलेल्या त्या तरुणाला पारशी खाणावळीतून बाहेर काढण्यात आले आणि कामाठी बागेत झाडाखाली बसावे लागले. त्या क्षणी त्यांनी आपल्या दुःखाला गुंगी आणली असती, तर पुढचा इतिहास घडला नसता. ते दुःख त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले, त्याचे कारण ओळखले आणि त्या कारणाविरुद्ध उभे राहण्याचा संकल्प केला. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्याचा निरोध करता येतो : हीच तर तथागतांची रीत आहे.

पण मग दुसऱ्या बाजूने विचारले जाईल, लढायचेच असेल तर चित्त शांत कशाला? राग पुरे नाही काय? याचे उत्तर महाडने दिले आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. बायका-पोरांनाही मार बसला. सत्याग्रहींत लष्करात नोकरी केलेले, हाताने भारी असे लोक होते. एका शब्दाने गावात रक्तपात झाला असता. बाबासाहेबांनी तो शब्द उच्चारला नाही. त्यांनी आपल्या माणसांना आवरले, आणि लढा तळ्याकाठून न्यायालयात आणि तेथून पुढे राज्यघटनेपर्यंत नेला. राग नव्हता असे नाही. रागाच्या हाती लगाम दिला नाही. शांत चित्ताचा खरा उपयोग हा आहे. अन्याय सोसणे सोपे व्हावे म्हणून नव्हे, तर अन्यायाला उत्तर देताना आपला तोल जाऊ नये म्हणून ध्यान करायचे.

शिखर कोणते?

‘आपल्या शक्तीच्या शिखरावर पोचा’ असे या वर्गांत सांगतात. आपण पन्हाळ्याची माणसे, आपल्याला शिखर नवे नाही. गडावर शिवा काशीद यांचे स्मारक आहे. गडाखालच्या नेबापूरचा हा नाभिक समाजातला माणूस. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले, त्या रात्री हा महाराजांचे रूप घेऊन पालखीत बसला आणि शत्रूच्या हाती पडून मारला गेला. अंधार, पाऊस, समोर खात्रीचे मरण, आणि अशा वेळी चेहऱ्यावर शंका उमटू द्यायची नाही. मनाची आणि शरीराची याहून मोठी कसोटी कोणती असेल? तरी आपण त्याला आठवतो ते तो न डगमगता बसला एवढ्यासाठी नव्हे. तो दुसऱ्यासाठी बसला, म्हणून आठवतो.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी आपली व्यथा बोलून दाखवली होती : शिकलेली माणसे समाजाच्या कामाला येतील असे वाटले होते, ती स्वतःचे पोट भरण्यात गुंतली. आज एकाग्रतेच्या वर्गातून आपला मुलगा अधिकारी होऊन बाहेर पडला, आणि मग त्याने वस्तीकडे पाठ फिरवली, आडनाव बदलले, भावाच्या पोराची फी भरायला नकार दिला, तर त्याचे तंत्र यशस्वी झाले असेल. धम्म मात्र हरला. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकत्र आली की मात्र धम्मावाचून चालत नाही, असे बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात समजावले आहे. श्वास एकट्याचा असतो. धम्म दोघांपासून सुरू होतो.

ज्योतिबाच्या डोंगराजवळ पोहाळे गावी बौद्ध लेणी आहेत. मुलांना घेऊन एकदा अवश्य जा. भिक्खूंना बसायला छोट्या खोल्या आहेत, आणि त्या खोल्यांची दारे मधल्या सभागृहात उघडतात. एकट्याने बसायचे, पण उठून सर्वांत यायचे. विहार बांधणाऱ्यांनी दगडातच हा धडा कोरून ठेवला आहे.

घरात काय करावे?

आता व्यवहाराचे बोलतो.

पहिली गोष्ट दारूची. आपल्या वस्त्यांत ताण उतरवण्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत महाग तंत्र कोणते, तर दारू. दिवसभर राबून दमलो, डोक्याला ताप झाला, म्हणून घेतली, असे सांगणारे आपल्यात अजून आहेत. तिने एकाचा ताण दोन तास उतरतो आणि घरातल्या पाचजणांचा ताण रात्रभर वाढतो. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण दीक्षेच्या वेळी घेतली आहे. ज्या घरात ती पाळली जात नाही, त्या घरातल्या पोराला आनापानाच्या वर्गाला घालून काही उपयोग होणार नाही. आधी बापाने ग्लास खाली ठेवावा.

दुसरी गोष्ट घरातल्या बाईची. पहाटे पाणी भरणे, डबे, शेतावर किंवा कामावर जाणे, संध्याकाळी परत चूल. तिला कोणी विचारत नाही की तुला ताण आहे काय. पुरुष चटई टाकून डोळे मिटून बसला आहे आणि बायको पोरांना दटावते आहे, ‘गप्प बसा, बाबा ध्यान करताहेत,’ हे दृश्य धम्माला शोभणारे नाही. दहा मिनिटे बसायचे असेल तर सर्वांनी मिळून बसावे. आणि त्यासाठी आधी दहा मिनिटे झाडू, भांडी, पाणी सर्वांनी वाटून घ्यावे. तो वेळही साधनेतच धरावा.

तिसरी गोष्ट मैत्रीभावनेची. आनापानानंतर दोन-चार मिनिटे स्वतःचे, मग घरच्यांचे, मग शेजाऱ्याचे, आणि शेवटी ज्याच्याशी पटत नाही त्याचेही मंगल चिंतावे. त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या वस्त्यांतून गेली अनेक वर्षे या दोन साधना जोडीने शिकवल्या आहेत, आणि ती जोडी योग्य आहे. आनापान तार लावते. त्या तारेवर कोणता सूर वाजवायचा ते मैत्री ठरवते.

चौथी गोष्ट आजाराची. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही असे बोलते, तर त्याला ध्यानाला बसवून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐकून घ्या आणि त्याला डॉक्टरकडे न्या. मनाच्या आजाराला औषध घेण्यात कमीपणा नाही. एका विहारात पोटाच्या विकाराने लोळत पडलेल्या भिक्खूकडे कोणी पाहीना, तेव्हा तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, बिछान्यावर ठेवले. त्या वेळी त्यांनी त्याला श्वास पाहायला सांगितले नाही. शुश्रूषेची वेळ ध्यानात घालवायची नसते. आणि मुलाच्या त्रासाला शाळेतले, कॉलेजातले कोणी कारण असेल, तर तेथे जाऊन लेखी तक्रार द्या, पोच घ्या, चार माणसे बरोबर न्या. कायदा आपल्यासाठीही आहे.

बंधू-भगिनींनो, कोणतेही तंत्र शिकल्यावर महिन्याभराने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझ्यामुळे माझ्या घरातल्या दुसऱ्या कोणाचा ताण कमी झाला काय? जे शील मी घेतले आहे ते पाळणे मला पूर्वीपेक्षा सोपे झाले काय? आणि समोर अन्याय होत असताना मी पूर्वीपेक्षा अधिक स्थिरपणे उभा राहू शकतो काय? तिन्ही उत्तरे होय अशी आली, तर तुम्ही त्याला कोणतेही नाव द्या, ती सम्यक समाधीच्या वाटेवरची साधना आहे. गुण वाढले, नंबर लागला, झोप चांगली लागते, पण ही तीनही उत्तरे नाही अशी आली, तर बगळा फक्त दुसऱ्या पायावर उभा राहिला आहे असे समजावे.

परीक्षेला बसणाऱ्या आणि भरतीला धावणाऱ्या आपल्या सर्व मुलामुलींना यश लाभो. त्यांचे चित्त स्थिर राहो, आणि त्या स्थिर चित्ताला धम्माची दिशा मिळो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.

(पन्हाळा, जि. कोल्हापूर)